‘प्रसिद्ध करू नये’ असा शेरा मारणारा शास्त्रज्ञ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हुकूमशाहीचं भविष्य रंगवणाऱ्या कादंबऱ्यांवरचा मागच्या रविवारच्या पुरवणीतला लेख आवडला. एक वाक्य मात्र पटलं नाही. या कादंबऱ्यांतला शास्त्रज्ञ एक तर माथेफिरू असतो, नाही तर बंदुकीच्या धाकाखाली राबणारा, असं लेखकाने म्हटलं आहे. सिनेमातला असेलही तसा. पण यातल्या ज्या कादंबऱ्या टिकल्या, त्यांतला शास्त्रज्ञ आपल्या कामात मनापासून रमलेला आहे, आणि म्हणूनच तो वाचताना भीती वाटते.

येवगेनी झाम्यातिनची १९२०-२१ मधली ‘आम्ही’ घ्या. रशियात ती छापायला १९८८ साल उजाडावं लागलं. तिचा निवेदक डी-५०३ हा अवकाशयान बांधणारा अभियंता. त्याला कुणी धमकावलेलं नाही. फिरती यंत्रं बघून त्याला नृत्याचा भास होतो, आणि जिथे माणसांना नावांऐवजी क्रमांक आहेत ते राज्यही त्याला सुटलेल्या गणितासारखं सुंदर वाटतं. झाम्यातिन स्वतः जहाजबांधणीचा अभियंता. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये राहून त्याने रशियासाठीच्या बर्फफोड्या जहाजांचं काम पाहिलं होतं. काहीतरी घडवण्याचा आनंद त्याला ठाऊक होता, म्हणूनच सत्ता त्या आनंदाला कशी जुंपते हे त्याला इतकं नेमकं लिहिता आलं.

हक्स्लीच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२) मधला मुस्तफा माँड तरुणपणी चांगला भौतिकशास्त्रज्ञ. बेटावर जाऊन मनासारखं संशोधन करायचं, की राज्यकर्त्यांत जाऊन बसायचं, असा प्रश्न येतो तेव्हा तो खुर्ची निवडतो. पुढे त्याच्याकडे जीवशास्त्रावरचा एक उत्तम निबंध येतो. तो वाचतो, लिहिणाऱ्याच्या बुद्धीला दाद देतो आणि ‘प्रसिद्ध करू नये’ असा शेरा मारतो. छळाच्या कुठल्याही वर्णनापेक्षा मला त्या शेऱ्याने जास्त हादरवलं.

मी हे रसायनशास्त्राचा शिक्षक म्हणून लिहितो आहे. ३१ वर्षं इथल्या एका कॉलेजात मी हेबर प्रक्रिया फळ्यावर मांडली. नायट्रोजन, हायड्रोजन, लोहाचा उत्प्रेरक, साधारण ४५० अंश तापमान, २०० ॲटमॉस्फिअर दाब. पंचगंगेकाठच्या आपल्या उसाला जो युरिया पडतो त्याचा अमोनिया असाच तयार होतो, हे आवर्जून सांगायचो. पण पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर जर्मनीतर्फे क्लोरीन हा विषारी वायू सोडण्याच्या कामावर देखरेख करणारा माणूसही हाच फ्रिट्झ हेबर, हे एकदाही सांगितलं नाही. अभ्यासक्रमात नव्हतं, आणि मला ते सुचलंही नाही. त्याची पत्नी क्लारा इमरवार स्वतः रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली. त्या हल्ल्यानंतर काही दिवसांतच तिने स्वतःवर गोळी झाडून घेतली. हेबरला पुढे १९१८ चं नोबेल मिळालं. १९३३ मध्ये नाझी सरकारने त्याच्या संशोधन संस्थेतल्या ज्यू सहकाऱ्यांना काढायला सांगितलं, तेव्हा जन्माने ज्यू असलेल्या हेबरने राजीनामा देऊन देश सोडला. ज्या राष्ट्रासाठी त्याने सगळं केलं त्याला तो नकोसा झाला होता. पुढच्याच वर्षी तो बाझलमध्ये वारला.

हुशार, कष्टाळू, देशावर जीव असलेला माणूस. माझ्या वर्गातली बहुतेक चांगली मुलं तशीच होती. त्यांच्यातली कितीतरी आज मोठमोठ्या प्रयोगशाळांत आहेत, आणि मी त्यांना दाब आणि तापमान तेवढं शिकवलं. हे मला आता फार लागतं.

शास्त्रज्ञाला माथेफिरू दाखवलं की वाचक निवांत होतो, कारण तो आपल्यातला राहत नाही. मराठीत जयंत नारळीकरांनी प्रयोगशाळेत खरोखर वावरणारा शास्त्रज्ञ कथेत आणला. त्यांचा जन्म आपल्या कोल्हापूरचा, १९३८ चा, म्हणून ही अपेक्षा इथूनच कळवतो. दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा मागवाल तेव्हा लेखकांना हा विषय जरूर सुचवा. सकाळी रंकाळ्यावर फेरी मारणारा, रात्री मुलीचा अभ्यास घेणारा, प्रकल्पाला निधी मंजूर झाला म्हणून सहकाऱ्यांना पेढे वाटणारा शास्त्रज्ञ मला त्या कथेत भेटू दे. त्याचं यंत्र कुणावर चालणार आहे, ते त्याच्या फायलीत लिहिलेलं असू दे. आणि ते पान तो उलटतो की वाचतो, हे लेखकाने ठरवावं.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक
राजारामपुरी, कोल्हापूर