दार उघडेच होते, मंत्रिमहोदय

मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली
यांस,

स.न.वि.वि.

मी गोधड्या शिवते. आमच्याकडे खरे तर वाकळ म्हणतात, पण गिऱ्हाइकाला गोधडी म्हटलेले कळते म्हणून गोधडी. सासूबाई, मी आणि शेजारच्या दोघी, एवढाच आमचा कारखाना. लोक आईची, आजीची जुनी लुगडी पाठवतात, आम्ही त्यांची गोधडी करून परत पाठवतो. म्हणजे धंद्याची सुरुवातही पार्सलने आणि शेवटही पार्सलनेच.

हे पार्सल बहुतेक वेळा पोस्टाचे असते. आमची गिऱ्हाइके खेड्यापाड्यांतली. त्यांचा पिनकोड सांगितला की खासगी कुरिअरवाला एक तर ‘सर्व्हिस नाही’ म्हणतो, नाहीतर लांबचे गाव म्हणून जादा पैसे लावतो, नाहीतर तालुक्याला येऊन घेऊन जा म्हणतो. पोस्ट असे म्हणत नाही. देशात दीड लाखावर पोस्ट ऑफिसे, त्यातली बहुतेक खेड्यांत. एवढा पसारा दुसऱ्या कुणाकडे नाही. तेव्हा पोस्ट नकोसे झालेल्या बाईचे हे पत्र समजू नका. पोस्ट बुडाले तर माझी चूल अर्धी विझेल, म्हणून लिहिते आहे.

गेल्या वर्षी विदर्भातल्या एका बाईंनी आईची पाच नऊवारी लुगडी पाठवली. आई जाऊन वर्ष व्हायचे होते, वर्षश्राद्धाला गोधडी हवी होती. त्यांनी पावतीचा फोटो पाठवला. दोन अक्षरे, नऊ आकडे, शेवटी ‘आयएन’. तो नंबर मी इतक्या वेळा मोबाइलवर टाकला की आता झोपेतही म्हणून दाखवीन. पाचव्या दिवशी सकाळी ‘आउट फॉर डिलिव्हरी’ आले. आमचे शिलाई मशीन पडवीत असते, उजेडासाठी. तोंड रस्त्याकडे. दार सकाळी उघडले की रात्री जेवणे झाल्यावरच लागते, कारण सासूबाईंना आत कोंडल्यासारखे होते. मी दिवसभर तिथे बसून चौकोन जोडत होते. संध्याकाळी मोबाइलवर शेरा आला: ‘डोअर लॉक्ड, इंटिमेशन सर्व्ड.’ दार बंद, सूचना दिली.

मी तो शेरा उघड्या दारात बसून वाचला.

मशीनच्या आवाजात बेल ऐकू आली नसेल, असे तुमचे अधिकारी म्हणतील. आमच्याकडे बेल नाही. सूचनेची चिठ्ठी उंबऱ्यात नव्हती, कडीला नव्हती, तुळशीपाशी नव्हती. फोन आला नव्हता. पार्सलवर माझा नंबर ठळक लिहिलेला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी पोस्टात गेले, तर पार्सल ‘बीटवर गेलेय’, म्हणजे पोस्टमनबरोबर त्याच्या वाटपाच्या भागात. चौथ्या दिवशी गेले, तर पार्सलची खिडकी दुपारीच बंद झालेली. मग रविवार. पुढे सात दिवस भरले म्हणून लुगडी आल्या वाटेने विदर्भात परत गेली. त्या बाईंचा फोन आला, “ताई, तुम्ही घरीच नसता म्हणे.” मी काय उत्तर देणार? सरकारी शेऱ्यापुढे माझा शब्द कोण धरतो?

त्यांनी पुन्हा पैसे भरून पार्सल पाठवले. या वेळी ते पोहोचल्याचा मेसेज येताच मी खिडकी उघडायच्या आधी पोस्टात जाऊन उभी राहिले आणि काखोटीला मारून आणले. गोधडी वर्षश्राद्धाला पोहोचली नाही.

मी ऑनलाइन तक्रार केली. काही दिवसांनी उत्तर आले की वस्तू वितरित झालेली असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे. वितरित झाली होती हे खरेच, ती मीच आणली होती.

पण हे पत्र त्या पार्सलसाठी लिहिलेले नाही. त्यानंतर आमच्या पोस्टमनशी जे बोलणे झाले, त्यासाठी लिहिले आहे. मी त्यांना भांडायलाच थांबवले होते. ते गाडीवरून उतरले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “वहिनी, खोटे कशाला बोलू, त्या दिवशी मी तुमच्या गल्लीत आलोच नव्हतो.” मग त्यांनी पिशवी दाखवली. पत्रांसाठी शिवलेली पिशवी. मागे दोरीने बांधलेले खोके, हँडलला अडकवलेली दोन पार्सले. कुणी चपला मागवलेल्या, कुणी कुकर, कुणी रोपे. त्यांची बीट पत्रांच्या जमान्यात आखलेली. शेजारच्या बीटचे पोस्टमन निवृत्त झाले तेव्हापासून तीही यांच्याकडेच. लुगड्यांचे गाठोडे मोठे, म्हणून ते खाली राहिले. संध्याकाळी मात्र प्रत्येक नगापुढे काहीतरी शेरा टाकावाच लागतो. ‘गाडीवर जागा नव्हती’ असा शेरा यादीत नाही, आणि साहेबांना तोंडी सांगितले तर बोलणी बसतात. ‘दार बंद’ टाकले की कुणी काही विचारत नाही.

मंत्रिमहोदय, तो माणूस खोटारडा नाही. आमच्या सासूबाईंची पेन्शन तो दारात बसून, अंगठा लावून देतो, आणि पैसे दोनदा मोजतो. पण खरे बोलले की ओरडा खायचा आणि खोटे लिहिले की दिवस संपतो, अशी सोय तुमच्या खात्यात झालेली आहे. पार्सल उशिरा येणे मी समजू शकते. घाटात दरड कोसळते, गाडी चुकते, संगणक बसतो. ऑगस्ट 2025 मध्ये तुमची नवी संगणक प्रणाली देशभर सुरू झाली, त्या सुमाराला आमच्या पोस्टात रांग दारापर्यंत आली होती, तरी कुणी फारसे कुरकुरले नाही. नवीन आहे, बसेल घडी, म्हणाले. उशीर सोसवतो. घरात बसलेल्या बाईला ती घरी नव्हती असे सरकारने लिहून द्यावे, हे सोसत नाही.

आमच्या यजमानांची तऱ्हा निराळी. घरी पार्सल येत नाही म्हणून आम्ही धाग्याच्या रिळांची ऑर्डर त्यांच्या कारखान्याच्या पत्त्यावर मागवली. औद्योगिक वसाहतींत विजेच्या नियोजनासाठी साप्ताहिक सुट्टी वेगवेगळ्या वारी असते, त्यांची गुरुवारी. पार्सल नेमके गुरुवारी. शेरा: ‘डोअर लॉक्ड’. या खेपेला तो खरा होता, हे मान्य करते. पण शुक्रवारी कुणीतरी ते गेटवर ठेवले, कुणीतरी सही केली, आणि मोबाइलवर ‘डिलिव्हर्ड’ उमटले. पहारेकऱ्यांची पाळी बदललेली. ज्याने सही केली त्याला नाव आठवेना, ज्याला नाव आठवत होते त्याने सही केलेली नव्हती. रिळे चार दिवसांनी वजनकाट्याच्या खोलीत, भिजलेली सापडली. पाचशे माणसांच्या कारखान्यात पार्सल ‘गेटला दिले’ म्हणजे गावात ‘चावडीवर दिले’ म्हणण्यासारखे.

आता तुमच्या सुधारणांकडे येते, कारण त्या मी वाचते. 1 ऑक्टोबर 2025 पासून स्पीड पोस्टाला पाच रुपये आणि वर जीएसटी भरला की ओटीपी घेऊनच वस्तू द्यायची, अशी सोय झाली. चांगली आहे, कारखान्याच्या गेटवरचा घोळ तिने मिटेल. पण बघा, वस्तू दिली म्हणायला आता ओटीपी लागतो. वस्तू दिली नाही म्हणायला काय लागते? काहीच नाही. एक बोट पुरते. पोस्टमनच्या हातात मोबाइल आहे, त्याच्यावरच तो शेरा टाकतो. ‘दार बंद’ लिहायचे तर तो फोन त्या दारापाशी असला पाहिजे आणि बंद दाराचा फोटो निघाला पाहिजे, एवढे त्या ॲपला शिकवता येणार नाही का? आणि त्याच यादीत एक प्रामाणिक शेरा घाला: ‘आज पोहोचता आले नाही.’ तो टाकल्याबद्दल कुणालाही मेमो मिळू नये. महिनाभर तो शेरा मोजा. कुठल्या बीटवर माणूस कमी आहे, कुठे तीनचाकी हवी, हे दिल्लीत बसून दिसेल. आज तुमच्याकडे जो आकडा जातो, त्यात आम्ही सगळे घराला कुलपे लावून हिंडणारे लोक आहोत.

24 आणि 48 तासांत हमीने पोहोचवणाऱ्या सेवांची घोषणाही तुमच्याकडून ऐकली. तिची मला जरा धास्तीच वाटते. घड्याळ कडक झाले आणि पिशवी तीच राहिली, तर कोणता शेरा वाढेल ते आमचे पोस्टमन आत्ताच सांगतील.

डिजिपिनचेही वाचले, म्हणजे तुमच्या खात्याच्या नव्या डिजिटल पत्त्याचे. मे 2025 मध्ये आला, दहा अक्षर-आकड्यांचा, साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला एक. आमची पडवी जेमतेम तेवढीच आहे. मी नकाशावर बोट ठेवून आमचा डिजिपिन काढला आणि कौतुकाने मशीनच्या वर खडूने लिहिला. पण पत्ता सापडत नाही ही आमची तक्रारच नव्हती. 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड सुरू झाला तो श्रीराम भिकाजी वेलणकरांमुळे, आपल्याच मातीतले संस्कृत पंडित आणि टपाल खात्यातले अधिकारी. एका नावाची दहा वडगावे, वीस पिंपळगावे, त्यात पत्रावरची लिपी दर प्रांतात वेगळी. त्या गोंधळाला त्यांनी सहा आकड्यांत आवरले. शेवटचे तीन आकडे वाटप करणाऱ्या पोस्टापर्यंत आणून सोडतात. तिथून पुढचे पोस्टमनला ठाऊक असते, आणि आमच्या पोस्टमनला माझे घर डोळे मिटून ठाऊक आहे. माझी लुगडी तिथवर आली होती, मंत्रिमहोदय. अडली ती पुढच्या दीड किलोमीटरवर, गाडीच्या कॅरिअरवर जागा नव्हती म्हणून.

भरपाईचेही बोलून टाकते. स्पीड पोस्टाची वस्तू हरवली तर भाड्याच्या दुप्पट किंवा हजार रुपये, यातले जे कमी असेल ते मिळते. उशीर झाला तर भाडे परत. 1898 च्या कायद्यात कलम 6 होते, त्यात हरवणे, भलतीकडे जाणे, उशीर आणि नुकसान यांची जबाबदारी सरकारने अंगाबाहेर टाकली होती. ते राणीचे राज्य होते. 2023 साली नवा कायदा केलात, तो जून 2024 मध्ये लागू झाला, आणि त्यातही तीच ढाल जवळजवळ तशीच उचलून ठेवलीत. विमा काढा म्हणाल. काढला असता, पण पोस्टाच्या खिडकीवर विचारतात, मालाची किंमत किती? आईच्या विटलेल्या लुगड्यांची काय किंमत लिहायची? त्या बाईंनी शून्य लिहिली होती.

पैसे देऊ नका हवे तर. निदान खोटा शेरा सिद्ध झाला तर वस्तू परत पाठवणे थांबवा, पुन्हा दारावर आणा, आणि तक्रारीच्या उत्तरात ‘आमची चूक झाली’ असे एक वाक्य माणसाने लिहावे. आणि सुट्टीचा वार, दुपारची वेळ, शेजारचे घर, यातले काय चालेल हे पार्सल निघतानाच घेणाऱ्याला सांगता यावे. माझ्या शेजारणीकडे किल्लीसुद्धा असते; पार्सल घेतले तर बिघडत नाही.

हे पत्र मी रजिस्टरने पाठवणार होते. आमच्या घरी महत्त्वाचे पत्र रजिस्टरनेच जाते. खिडकीवर कळले की रजिस्टर 2025 मध्येच स्पीड पोस्टात विलीन केले. मग स्पीड पोस्टाने पाठवते आहे, ओटीपीचे पैसे भरून. त्याचा नंबरही सासूबाईंनी कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे. तुमच्या कार्यालयाच्या दारापुढे काय शेरा पडतो, ते आम्ही रोज संध्याकाळी बघणार आहोत.

आपली नम्र,
एक गोधडीवाली