लस कुठे मिळते, असं विचारू नका

स. न. वि. वि.
प्रत्येक पेशंटसाठी वेगळी बनणाऱ्या कॅन्सरच्या लशीची बातमी आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लगेच सुरू, कुठे मिळते, कितीला पडते. अहो ती दुकानात तयार नसते, त्या त्या पेशंटच्या गाठीतले जीन वाचून फक्त त्याच्यापुरते पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचे छोटे तुकडे, लॅबमध्ये बनवतात आणि ते बघून टी पेशींना, म्हणजे शरीराच्या रोगाशी लढणाऱ्या पेशींना, कळतं कोणत्या कॅन्सरपेशींना मारायचं. बॉस्टनच्या डॅना-फार्बर या कॅन्सर संस्थेचा २०१७ चा रिपोर्ट बघा, मेलॅनोमाचं, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरचं, ऑपरेशन झालेले ६ पेशंट, एकेकाला २० पर्यंत पेप्टाइड, चौघांचा आजार २५ महिने तरी उलटला नव्हता, उरलेल्या दोघांचा उलटला पण नंतर दुसऱ्या इम्युनोथेरपीने, म्हणजे प्रतिकारशक्तीला कामाला लावणाऱ्या औषधाने, त्यांच्या गाठी गेल्या. सहाच पेशंट हो! एवढा आकडा हेडिंगमध्ये टाकायला काय जातं?
– एक वाचक, सांगली