तिकीट माफ झाले, पायरीचे काय?

महोदय,

२६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे तिकीट होतेच. मार्च २०२३ पासून सर्व महिलांनाही ते मिळू लागले. खेड्यातली म्हातारी माणसे त्यामुळे पुन्हा घराबाहेर पडू लागली. हे मी माझ्याच घरात पाहते आहे आणि त्याबद्दल शासनाचे मनापासून आभार मानते.

माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जावे लागते. फाट्यावर गाडी थांबली की त्या एका हाताने निऱ्या सावरतात, दुसऱ्या हाताने दांडा धरतात आणि पाय उचलतात. पाय पायरीपर्यंत पोहोचतच नाही. मग वाहकदादा खाली उतरून दंडाला धरतात, मी मागून आधार देते. आत बसल्यावर शून्य रुपयाचे तिकीट मिळते, ते त्या जपून बटव्यात ठेवतात. मी सोबत नसले, की त्या महिन्यात गोळ्या कुणाकडून तरी मागवायच्या. तपासणी राहूनच जाते.

पहिली पायरी ज्येष्ठांनाच नव्हे, तर दिव्यांगांना, गरोदर बायकांना आणि लेकुरवाळ्यांनाही अवघड जाते. सार्वजनिक वाहतूक दिव्यांगांना वापरता येईल अशी करण्याची जबाबदारी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासनावर टाकलेली आहे. म्हणून नव्या गाड्या घेताना पायरी खाली आणि दाराशी दोन्ही बाजूंनी दांडे हवेत. तोवर प्रत्येक गाडीत एक भक्कम लाकडी स्टूल ठेवता येईल. ग्रामपंचायतींनी निवाऱ्यापुढे रस्त्यालगत ओटा बांधावा आणि चालकांनी गाडी त्या ओट्याला लावून उभी करावी. चढण तेवढ्यानेही बरीच कमी होईल.

आणखी एक. दवाखान्यातले काम दुपारपर्यंत आटोपते, पण आमच्या गावाकडची परतीची गाडी थेट संध्याकाळी आहे. तीन-चार तास बाकावर बसवत नाही, म्हणून आम्ही वडापने, म्हणजे खासगी प्रवासी जीपने येतो. तिथे भाडे तर पडतेच, शिवाय दाटीवाटीत गुडघे मुडपून बसावे लागते. एसटीच्या फेऱ्यांचे वेळापत्रक ठरवताना तालुक्याच्या दवाखान्याची वेळ विचारात घ्यावी आणि दुपारी एकच्या सुमारास एक तरी परतीची फेरी सोडावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, जि. सातारा