बाबांच्या बिलांचा डबा

ती. आई-बाबा,
सा. न.

रविवारी फोन ठेवता ठेवता आई म्हणाली, "मधे ह्यांचं पोट जरा बिघडलं होतं. आता छान आहेत." आई, तुझं "जरा" मला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून खोदत गेले. ते निघालं चार दिवसांचं. तिसऱ्या दिवशी रक्तही पडलं होतं. डॉक्टरांनी शौचाचा नमुना तपासायला सांगितला, तर बाबा म्हणे, "ती डबी हातात घेऊन कुठे जायचं चारचौघांत!" आणि कुठल्याशा जुन्या दुखण्यातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेऊन मोकळे झाले.

मी आवाज चढवला, त्याबद्दल सॉरी. पण बोलले ते मागे घेत नाही. का घेत नाही ते फोनवर सांगायला गेले तर पुन्हा तेच होईल, म्हणून लिहिते आहे.

कुणी विचारलं की तुम्ही सांगता, मुलगी आरोग्य खात्यात असते. तिथे मी काय करते हे मी कधी नीट सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं वाटत नाही. मी अनोळखी माणसांना फोन लावते आणि विचारते, आजारी पडायच्या आधी सात दिवस काय काय खाल्लंत? बस. पण तो फोन मला लावता येतो तो कुणीतरी लाज गुंडाळून ठेवून ती डबी नेऊन दिलेली असते म्हणून. त्या नमुन्यातून प्रयोगशाळेत जंतू वाढवतात, त्याचा जनुकीय आराखडा काढतात. शेकडो मैलांवरच्या दुसऱ्या एखाद्याचा आराखडा जवळजवळ तसाच निघाला, की समजायचं, ह्या दोघांच्या पोटात एकाच जागचं काहीतरी गेलंय. अमेरिकेत १९९६ पासून हे ठसे जुळवणारं पल्सनेट नावाचं जाळं आहे. ह्या कामाला वेळ लागतो. माणूस आजारी पडल्यापासून त्याचं नाव एखाद्या साथीशी जोडलं जाईपर्यंत तीन-चार आठवडे सहज जातात. तोवर भाजी खाऊन संपलेली असते, पिशवी कचऱ्यात गेलेली असते. उरते फक्त माणसाची आठवण.

आणि ती कशी असते ते ऐका. मागे एक बाई मला ठामपणे म्हणाल्या, "सॅलड? छे, मी कच्चं काही खातच नाही." लिहून घेतलं. दहा मिनिटांनी विचारलं, सँडविच वगैरे? "हो, दोनदा." त्यात हिरवं पान होतं? थोडा वेळ शांतता. मग म्हणाल्या, "अहो, ते काय खाणं झालं का!"

२०११ च्या मे महिन्यात जर्मनीत ह्याच "ते काय खाणं झालं का"ने तपास अडवून ठेवला होता. ई. कोलाय नावाच्या आतड्यातल्या जंतूचा एक भयंकर प्रकार पसरला होता. जवळपास ३,८०० लोक आजारी पडले, ८०० हून जास्त जणांच्या किडन्यांवर परिणाम झाला, पन्नासच्या वर माणसं गेली. रुग्णांना विचारलं तर ती टोमॅटो, काकडी, सॅलडची पानं सांगत. २६ मे रोजी हॅम्बुर्गच्या आरोग्य विभागाने स्पेनहून आलेल्या काकडीकडे बोट दाखवलं. काही दिवसांतच कळलं, काकडीवर जंतू होते खरे, पण ते हे नव्हते. तोवर शेतकऱ्यांचा माल पडून सडला. युरोपीय संघाला पुढे भाजी उत्पादकांसाठी बावीस कोटी युरोंहून जास्त भरपाई मंजूर करावी लागली.

मग कोडं सुटलं कसं? तपासणाऱ्यांनी "काय खाल्लंत" विचारणं सोडलं आणि "काय मागवलंत" असं विचारलं. एका रेस्टॉरंटमध्ये जेवून गेलेल्या गटांना शोधलं, त्यांची बिलं पाहिली, ताटांचे फोटो पाहिले आणि स्वयंपाक्याला विचारलं की ह्या पदार्थात तू काय काय घालतोस, वर काय भुरभुरवतोस. तिथे सापडले मोड. ज्यांच्या ताटात मोड होते त्यांना आजाराचा धोका इतरांपेक्षा सुमारे चौदा पट निघाला. त्याआधीच्या एका पाहणीत मोड खाल्ल्याचं चार रुग्णांमागे जेमतेम एकाला आठवलं होतं. जूनमध्ये फ्रान्समध्ये बोर्दोजवळही तोच जंतू निघाला आणि दोन्हीकडचे धागे मेथीदाण्यांच्या एकाच साठ्याकडे गेले. तो २००९ मध्ये इजिप्तहून आला होता. दाणे कोरडे असताना त्यावरचे जंतू नुसते पडून असतात. मोड आणायला जी ऊब आणि ओल लागते, ती त्यांनाही तितकीच मानवते.

काकडीचं नाव घाईने घेतलं म्हणून त्या लोकांना खूप शिव्या पडल्या. मला मात्र त्यांना नावं ठेवाविशी वाटत नाहीत. २००८ साली अमेरिकेत साल्मोनेला ह्या पोट बिघडवणाऱ्या जंतूच्या साथीत आधी टोमॅटोवर ठपका आला, पुढे बहुतेक दोष हिरव्या मिरच्यांचा निघाला. थांबावं तर रोज नवे लोक दवाखान्यात येणार, बोलावं तर कुणाचं तरी शेत बुडणार. आमच्या ऑफिसात ह्यावर भांडणं होतात. मी बोलावं ह्या बाजूची. फक्त आपल्याला कुठवर कळलंय आणि कुठे नाही, हेही त्याच वाक्यात सांगावं.

आई, तू म्हणालीस, "आम्ही सगळं धुऊन घेतो गं." घेतेस, मला माहीत आहे, आणि ते सोडू नकोस. वाहत्या पाण्याखाली धुवायचं, साबण नको. पण २००६ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पिशव्यांतून ई. कोलायने सुमारे दोनशे लोकांना आजारी पाडलं, तिघे दगावले, तो पालक कारखान्यातच धुऊन भरलेला होता. तोच जंतू पुढे कॅलिफोर्नियात शेताजवळच्या गुरांत आणि रानडुकरांत सापडला. पानाच्या घडीत, कापल्या कडेत जंतू एकदा चिकटून बसला की पाण्याने कमी होतो, जातोच असं नाही. शिजवल्यावर जातो. तेव्हा तुमच्या वयात मोड तरी कच्चे खाऊ नका. हे मी मुलगी म्हणूनही सांगते आणि खात्यातली बाई म्हणूनही.

"तुमच्या वयात" म्हटल्यावर बाबांचा चेहरा कसा होईल ते दिसतंय मला. पण आता खरबुजाचं ऐका. २०११ मध्येच अमेरिकेत खरबुजांतून लिस्टेरिया नावाचा जंतू पसरला. १४७ जण आजारी, ३३ मृत्यू. आजारी पडलेले बहुतेक साठीच्या पुढचे, निम्मे तर ७८ किंवा त्याहून मोठे. खरबुजं भरण्याच्या जागी जमिनीवर पाणी साचलेलं, यंत्रं नीट साफ करता न येणारी. जंतू सालीवर बसला. आपण साल खात नाही, पण सुरी आधी सालीतून जाते आणि मग गरात. वर हा जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतो आणि कधी कधी दोन महिन्यांनंतर माणसाला झोपवतो. दोन महिन्यांपूर्वीचं खरबूज कुणाला आठवणार? आई, अर्धं कापून फ्रीजमध्ये चार-चार दिवस पुरवून खायची तुझी सवय आहे ना, ती सोड. कापायच्या आधी अख्खं फळ ब्रशने घासून धू, पुसून कोरडं कर आणि उरलेलं लवकर संपव.

आता त्या दोन गोळ्या. बाबा, रक्त पडत असताना मनाने अँटिबायोटिक घ्यायचं नाही, जुलाब थांबवायची गोळीही नाही. ई. कोलायच्या ह्या जातीचे जंतू विष सोडतात, आणि अशा गोळ्यांनी किडनीचा धोका वाढू शकतो. मी फोनवर ओरडले ते ह्यासाठी. शिवाय अँटिबायोटिक आधी घेतलं की नमुन्यात जंतू सापडणं अवघड होतं. म्हणजे तुम्हाला काय झालं होतं हे आता बहुधा कधीच कळणार नाही. तुमच्यासारखे आणखी दहा जण कुठे असतील, तर तेही एकमेकांना सापडणार नाहीत. प्रत्येकाच्या घरी "जरा" पोट बिघडलं होतं, एवढंच.

एक कबुली द्यायची आहे. तुम्ही प्रत्येक खरेदीचं बिल घडी घालून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवता, त्यावरून मी वर्षानुवर्षं तुमची टिंगल केली. मागच्या वेळी आले तेव्हा तर आईला म्हटलं, दे रद्दीत. हल्ली फोनवर एखादा माणूस म्हणाला की "थांबा, बिल बघून सांगतो", तर मी खुर्चीत सरळ होऊन बसते. बिलावर तारीख असते, दुकान असतं, कधी मालाचं नेमकं नावही. त्यावरून दुकानातून गोदामात, गोदामातून शेतापर्यंत मागे जाता येतं. तुमचा तो डबा आमच्या ऑफिसात असता तर कुलपात ठेवला असता.

तर बाबा, तो डबा काढा. दुखणं सुरू झालं त्या दिवसाच्या आधीचे सात दिवस मला लिहून हवेत. घरी काय, बाहेर काय, कुणी हातावर ठेवलं ते काय. आईला शेजारी बसवा, तिला तुमच्या ताटातलं तुमच्यापेक्षा जास्त आठवतं. सँडविचमधलं पानसुद्धा लिहा. सगळी बिलं टेबलावर नीट ओळीने मांडून आई फोटो पाठवेल. मागच्या वेळेसारखा अंगठा मधे येऊ देऊ नकोस गं.

रविवारी फोन करते. रक्त अजून कधी दिसलं, लघवी कमी झाली किंवा चेहरा सुजला, तर मात्र रविवारची वाट बघू नका. लगेच दवाखान्यात जा आणि मला रात्री दोन वाजता उठवा.

तुमची,
आवाज चढवणारी मुलगी