शास्त्राला दोन दिवस सुट्टी

बडोदा, ३ जानेवारी

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू जे म्हणालास ते बाबांनी स्पीकरवर ऐकलं आणि ते इतके हसत सुटले की मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहिते. तुझी अट कळली. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, तुझी मैत्रीण पहिल्यांदा आपल्याकडे येणार, तर ते दोन दिवस मी चारचौघींच्या आईसारखं वागायचं. शास्त्र नको, आकडे नकोत, 'का होतं माहितीये का?' हा प्रश्न तर अजिबात नको. मी किडा आहे हे मला मान्य आहे. नर्ड म्हण, गीक म्हण, तुझी आजी 'चक्रम' म्हणायची तेही चालेल. त्यामुळे वाईट वगैरे वाटलेलं नाही. पण काय जमेल आणि काय जमणार नाही ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे ऐन जेवणात टेबलाखालून लाथा मारायला नकोत.

कुकर सोडला. तिनं 'काकू, डाळीला किती शिट्ट्या?' विचारलं तर मी 'तीन' म्हणीन. आत पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, एकदा दाब धरला की मोठा गॅस ठेवून फक्त शिट्ट्या वाढतात, डाळ काही लवकर शिजत नाही, हे सगळं गिळीन. जेवणाच्या वेळेचंही बोलणार नाही. बाबा बाराला 'सूर्य डोक्यावर आला' म्हणतील. घड्याळ मिर्झापूरकडच्या रेखांशाचं आणि आपण त्याच्या कितीतरी पश्चिमेला, त्यामुळे १४ जानेवारीला बडोद्यात सूर्य माध्यान्हीला येतो तो पाऊण वाजता. ते मी मनात म्हणीन. मनात म्हणायला तर परवानगी आहे ना?

मगरींचं मात्र माझ्या हातात नाही. बाहेरून येणारा प्रत्येक माणूस विश्वामित्रीच्या पुलावर थांबून मगर दिसते का बघतो, तीही बघेल, आणि घरी येऊन विचारेल. मग मगरीचं पिल्लू नर की मादी हे अंड्याच्या घरट्यातल्या उष्णतेवर ठरतं, साडेबत्तीस अंशांच्या आसपास नर आणि त्याहून गार असलं तर माद्या, हे न सांगता मी नुसतं 'हो, असतात बाई मगरी' म्हणायचं? गावची मगर आहे, तिच्याबद्दल एवढं तरी सांगायला हवं.

आता काकांचं. काका दरवर्षी तिळगूळ हातात घेतात, गच्चीच्या कठड्याला टेकतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, "आजच्याच दिवशी, संक्रांतीला, पानिपत झालं." याही वर्षी म्हणणार. आणि मी गप्प बसणार नाही, हे आत्ताच कबूल करते. तारीख बरोबर आहे, १४ जानेवारी १७६१. पण त्या दिवशी संक्रांत नव्हती. ती तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती.

हे तुला मी कधी नीट सांगितलं नाही, तू ऐकत नाहीस. आपलं पंचांग सूर्य कुठल्या ताऱ्यांपाशी आहे ते बघतं, आणि इंग्रजी कॅलेंडर ऋतूंना धरून चालतं. पृथ्वीचा आस अगदी सावकाश गिरकी घेतो, एका गिरकीला २६,००० वर्षांच्या आसपास लागतात. म्हणून ही दोन वर्षं सारखी भरत नाहीत. ताऱ्यांचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीसेक मिनिटांनी मोठं. वीस मिनिटं म्हणजे काय, अर्धा चहा. पण साठत साठत सत्तर-बहात्तर वर्षांत एक अख्खा दिवस होतो आणि संक्रांत तारखेनं पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, हे शाळेत शिकलायस. तारीख कुठली? १२ जानेवारी १८६३. म्हणजे तेव्हा संक्रांत १२ ला यायची. त्याच्या शंभर वर्षं मागे जा, दहा-अकराच्या आसपास येतेस की नाही? (बघ, तुझ्याऐवजी तिलाच लिहायला लागले.) आणि पुढे ये, तर २०२४ साली आपण ती १५ ला केली. बडोदेकर मात्र पतंग १४ लाच उडवतात आणि १५ ला वासी उत्तरायण म्हणून पुन्हा उडवतात, त्यांचा ताऱ्यांशी काही वाद नाही.

खरं उत्तरायण, म्हणजे सूर्यानं दक्षिणेकडून परत फिरणं, ते २१-२२ डिसेंबरलाच उरकलेलं असतं. साधारण सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी यायचं. तेव्हापासून अंतर पडत पडत आता तीन आठवड्यांहून जास्त झालंय. काकांना मी हे याआधी सांगितलंय. ते म्हणतात, "वहिनी, संक्रांत कोसळली म्हणतात ते मग काय उगीच?" याला माझ्याकडे उत्तर नाही आणि मला ते नकोही आहे. मराठी माणसाची संक्रांत पानिपतावरच कोसळणार, पंचांग काही म्हणो. पण आकडा तो आकडा.

तुझ्या मावशीचा फॉरवर्ड या वर्षीही येईल: काळे कपडे उष्णता शोषतात म्हणून आपल्या पूर्वजांनी वगैरे वगैरे, खाली दहा नमस्कार. त्याच्यावर मी ग्रुपवर काही लिहिणार नाही, शप्पथ. पण तुला सांगते, कारण तुझ्या मैत्रिणीला मी त्या कंपूतली वाटता कामा नये. काळं कापड उन्हात जास्त तापतं, अगदी खरं. सावलीत आणि घरात काळं काय, पांढरं काय, अंगाची ऊब दोन्ही जवळपास सारखीच धरतात. मी दोन सारख्या स्टीलच्या पेल्यांना काळा आणि पांढरा फडका गुंडाळून, आत थर्मामीटर ठेवून पाहिलंय. गच्चीवर काळ्याचा पारा भराभर वर गेला, माजघरात दोघंही एकमेकांच्या पावलावर पाऊल. मला चंद्रकळा आवडते म्हणून मी नेसते. तिला 'शास्त्रीय कारण' चिकटवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. सणाला कारण लागत नाही रे. आणि शास्त्राला कारण लागतं ते असं आयतं मिळत नाही, फडके गुंडाळावे लागतात.

पतंगाचं बोलू. तो दिवसच पतंगाचा, तिथे मी तोंड कसं मिटणार? तू गेंडीगेटवरून कोडीनं पतंग आणशील आणि ती विचारेल की याला भोकं कुठे पाडायची. किन्ना (कन्नी) बांधायला तुम्ही दोघं मलाच बोलावणार, कारण बाबांच्या किन्न्याचा पतंग उडतो कमी आणि गोल जास्त फिरतो. वरच्या दोन भोकांतून आलेला दोरा आणि खालच्या भोकातून आलेला दोरा, यांच्या लांबीत अर्ध्या बोटाचा फरक पडला की पतंग वाऱ्याला वेगळा कोन करून उभा राहतो. सगळी विद्या त्या कोनात आहे. पतंग वारा खाली ढकलतो म्हणून वारा त्याला वर ढकलतो, विमानाचा पंख तरी दुसरं काय करतो? एका बाजूला झुकायला लागला तर कमानीच्या दुसऱ्या टोकाला कागदाची बारीक गुंडाळी बांधायची. हे मी तिच्या हातून बांधून घेईन, तोंडानं फार बोलणार नाही. झालं समाधान?

आणि काटाकाटी. बाबा खेचवाले, मी ढीलवाली, हे भांडण आमच्या लग्नाइतकं जुनं आहे. दोन दोऱ्या एकमेकींवर घासल्या की जी जोरात पळते तिची झीज लांबवर वाटली जाते, आणि जी थांबली ती एकाच जागी घासून घासून तिथेच तुटते. म्हणजे ढील काय आणि खेच काय, पळत राहणाऱ्याची सरशी. बाबांना हे पटतं, पण 'काय पो छे' ओरडायच्या नादात त्यांचा हात थांबतो आणि जातो पतंग. दोरी साधी, सुतीच आण. नायलॉनची २०१७ पासून देशभर बंद आहे आणि बंद नसती तरी आपल्या गच्चीवर नको, पाखरांचे पाय आणि स्कूटरवाल्यांचे गळे कापले जातात तिनं.

आता जरा मनातलं. तुला वाटतं मी हुशारी मिरवते. मिरवायची असती तर ऑफिसात मिरवली असती, तिथे इतक्या वर्षांत कुणाला पत्ता नाही की मी फिजिक्सची पदवीधर आहे. बडोदा विद्यापीठातल्या आमच्या फिजिक्स खात्याचे व्यंकटरामन रामकृष्णन १९७१ ला तिथून बीएससी होऊन गेले आणि २००९ ला त्यांना नोबेल मिळालं, तेही रसायनशास्त्राचं. त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले, तर सगळ्यांना वाटलं तुझा काहीतरी निकाल लागला. मी पेढे खाऊ दिले, बोलले नाही. परक्या माणसाशी मी हवा, भाव आणि लग्नकार्यं यांवर बोलते, आणि फार लवकर दमते. एखादी गंमत सापडली की ती आपल्या माणसालाच सांगावीशी वाटते. तुला सांगितल्या, बाबांना सांगितल्या, आजी बिचारी हात जोडायची तरी तिला सांगितल्या. त्यामुळे तू म्हणतोस तसं मी दोन दिवस शहाण्यासारखी वागले, तर त्याचा अर्थ ती माझ्यासाठी पाहुणी राहिली असा होईल. तुला तेच हवं असेल तर तसं सांग, मी वागीन. पण मला नाही वाटत तुला ते हवंय.

हलव्याचं राहिलं. घाबरू नकोस, हलव्याचे दागिने करत नाहीये. अजून कशात काही नाही आणि पोरीच्या गळ्यात साखरेचा हार घालायचा म्हणजे ती पुढच्या गाडीनं परत जाईल. नुसता वाटीभर काटेरी हलवा. आजी राखेखालच्या निखाऱ्यांवर परात ठेवून करायची, मी मंद गॅसवर तवा आणि तव्यावर परात ठेवते, म्हणजे आच एके जागी लागत नाही. साखरेच्या पाकात दुधाचा चमचा घालून मळी काढायची, पाक एकतारी ठेवायचा. परातीत तीळ. त्यावर अर्धा चमचा पाक, जास्त नाही, आणि बोटांच्या टोकांनी हलकेच फिरवत राहायचं, पाक सुकेपर्यंत. मग पुन्हा अर्धा चमचा. पहिल्या दिवशी नुसते पांढुरके तीळ दिसतात आणि आपण उगाच बोटं भाजतोय असं वाटतं. दुसऱ्या दिवशी बोटांना खरखर लागते. मग भिंगातून पाहिलं तर एकेका तिळावर टोकं उठायला लागलेली असतात. साखरेच्या रेणूला बसायला आधी बसलेल्यांची कड लागते, आणि घाई केली, पाक जास्त ओतला, तर सगळे कुठेही बसतात आणि हाती येते गुठळी. हवा दमट असली तरी जमत नाही. 'ढगाळ दिवशी काटा रुसतो' असं आजी म्हणायची, मी शेजारी आर्द्रतामापक ठेवते, दोघींचं उत्तर एकच येतं.

ताटात त्याच्या शेजारी चिक्की असेल. तीही गोडाचीच, पण गूळ कडक पाकापर्यंत चढवून झटकन गार केल्यामुळे तिच्यातल्या रेणूंना रांगा लावायला वेळच मिळालेला नसतो. शास्त्राच्या हिशोबानं ती काच आहे. एका ताटात स्फटिक आणि काच, दोन्ही खायचे, आणि पूर्वी मांज्याला लावायचे ती तिसरी, खरी काच. हे मी तिला सांगणार. लाथ मारायची असेल तर मार.

तू येताना बोटांना गुंडाळायच्या चिकटपट्ट्या आण, इथे उत्तरायणाच्या आदल्या दिवशी सगळ्या केमिस्टांकडच्या संपतात. दोन गॉगल आण, दिवसभर आभाळाकडे बघायचंय. तिच्यासाठी पांघरूण काढून ठेवलंय, पहाटे गारठा असतो. आणि तिला तीळ चालतात का ते आजच विचार, काही जणांना त्याची ॲलर्जी असते. चालत नसतील तर हलवा खसखशीवर धरावा लागेल आणि चिक्की वेगळ्या कढईत करावी लागेल. सोमवारपर्यंत कळव. सध्या हवा कोरडी आहे, आणि एकदा तिळावर काटा धरला की मग मला बदलता येणार नाही.

तुझी,
आई