कालव्याचे मॉडेल सोपे असावे, पण त्यातून विलंब वगळू नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालव्यांची दारे स्वयंचलित करण्याचा विषय निघाला की आमच्या भागात एक आक्षेप हमखास ऐकू येतो. पैठणहून निघणारा जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब. वाटेत गाळ, पाणवनस्पती, उखडलेले अस्तर आणि काठावरून सोडलेले मोटारींचे पाइप. हे सारे कोणत्या गणितात, म्हणजे कालव्याच्या मॉडेलमध्ये, बसणार? शंका रास्त आहे, परंतु हे सारे गणितात बसवावेच लागते, हे गृहीतक चुकीचे आहे.

उघड्या पाटातील बदलत्या प्रवाहाची समीकरणे फ्रेंच अभियंते सेंट-व्हेनाँ यांनी १८७१ मध्येच मांडली. ती संगणकावर सोडवता येतात आणि आराखडा तपासताना सोडवावीतही. मात्र दार किती उचलायचे हे ठरवणाऱ्या नियंत्रकाला मुख्यतः दोनच गोष्टी लागतात: वर सोडलेले पाणी खाली जाणवायला लागणारा वेळ, म्हणजे विलंब, आणि जास्तीचे पाणी आल्यावर तिथली पातळी चढण्याचा वेग, म्हणजे चढ. झिग्लर आणि निकोल्स या अमेरिकी अभियंत्यांनी १९४२ मध्ये नियंत्रक जुळवण्याची जी प्रसिद्ध रीत दिली, तिच्यातही विलंब आणि चढ हेच दोन आकडे आहेत. बाकीची चूक पातळीचे प्रत्यक्ष मोजमाप पाहून नियंत्रक सुधारत राहतो, आणि म्हणूनच शेपटाकडचे मोजमाप बंद पडले तर कितीही भारी मॉडेल कुचकामी ठरते.

या दोन आकड्यांपैकी विलंब दगा देतो. मोकळ्या वाहत्या कालव्यात पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटर असेल, तर प्रवाहातील वाढ साधारण त्याच्या दीडपट वेगाने पुढे सरकते. म्हणजे वीस किलोमीटरला पावणेचार तासांच्या आसपास. विसर्ग कमी केला किंवा शेवाळ माजले की हा वेळ आणखी वाढतो. अनुभवी पाटकरी हे ओळखून असतो. नवखा मात्र दार उचलतो, तासाभराने मापनपट्टी पाहतो, फरक दिसत नाही म्हणून पुन्हा उचलतो, आणि रात्री सांडव्यावरून पाणी नाल्यात जाते. पूर्ण विसर्गाला मोजलेला विलंब कायमचा धरून बसलेले यंत्रही हेच करील, फक्त न थकता. मग दोष सोपेपणाचा म्हणायचा, की एकाच दिवशी घेतलेल्या मापाचा?

म्हणून माझी सूचना अशी, की स्वयंचलनाच्या निविदेत प्रत्येक टप्प्याचा विलंब निदान दोन विसर्गांना, कालवा साफ असताना आणि गवत वाढल्यावर, प्रत्यक्ष मोजण्याची अट असावी. नियंत्रक त्यांतील सर्वांत मोठ्या विलंबालाही पातळी स्थिर ठेवील इतका सबुरीचा असावा, मग पाणी थोडे उशिरा स्थिरावले तरी चालेल. आणि ही मापे पाणी वापर संस्थांना आवर्तन सुरू होण्यापूर्वी दाखवावीत.

आपला,
नियंत्रण अभियांत्रिकीचा एक शिक्षक, परभणी