उद्यमनगरातल्या काकांना, पंधरा ग्रॅमसाठी

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला तोंडावर आभार मानलेले चालत नाहीत. मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा तुम्ही "असू दे की ताई, त्यात काय एवढं" म्हणत वर्कशॉपमधल्या लेथकडे वळलात. म्हणून आता चारचौघांसमोर लिहिते आहे. नात वाचून दाखवेल, तेव्हा मध्येच उठून जाऊ नका.

जूनमध्ये गावाकडच्या विहिरीवरच्या मोटरीचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं पात्यांचं चक्र, घेऊन मी तुमच्याकडे आले होते. कोपराला पट्टा बांधलेला होता. इम्पेलर हातात घ्यायच्या आधी तुम्ही विचारलंत, "हाताला काय झालंय?" मी पिकलबॉलचं नाव काढलं. हा खेळ तुम्ही कधी पाहिला नव्हता, पण तुम्ही स्टूल पुढे ओढलंत आणि म्हणालात, "बसा, नीट सांगा."

मी सांगत गेले. 1965 साली अमेरिकेत बेनब्रिज बेटावर एका घराच्या बॅडमिंटन कोर्टवर हा खेळ सुरू झाला आणि कोर्टाचं माप अजूनही तेच आहे, 20 बाय 44 फूट. भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू असतो, बॅटीसारखं पॅडल असतं. नेटच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांची पट्टी असते, तिला किचन म्हणतात आणि तिथे उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही. माझं पॅडल लांबट, साडेसोळा इंची. समोरून जोरात आलेला चेंडू मधोमध लागला तर ठीक, पण कडेजवळ लागला की पॅडल मुठीत गर्रकन फिरायचं. ते फिरू नये म्हणून मी मूठ आवळायची. आठवड्यातून चार दिवस असं आवळून आवळून कोपर गेलं. एका दुकानात विचारलं तर महागातलं पॅडल घ्या म्हणाले. माझा हात कुणी पाहिला नव्हता.

तुम्ही पाहिलात. पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी सहाला कोर्टवर येऊन जाळीजवळ अर्धा तास उभे होतात. बाकी सगळे चेंडू बघत होते, तुम्ही माझं मनगट बघत होतात. खेळ संपल्यावर पॅडल मागून घेतलंत, त्याची मूठ उजेडाकडे धरलीत आणि बोटाने दाखवलंत. तर्जनीच्या खाली ग्रिप झिजून काळीकुळकुळीत, गुळगुळीत झालेली आणि बाकी सगळीकडे जवळजवळ नवी. "मूठ बारीक आहे तुमच्या हाताला. म्हणून एकाच बोटावर सगळा भार येतोय." दीड वर्ष मी ते पॅडल वापरत होते. मला ते एकदाही दिसलं नव्हतं.

मग वर्कशॉपमध्ये तुम्ही टेबलावर एक गोल सळई ठेवलीत आणि तिच्यावर पॅडल आडवं टाकून मागे-पुढे सरकवलंत. ते जिथे तोलून राहिलं तिथे कडेवर पेन्सिलीची बारीक रेघ मारलीत. मुठीच्या टोकापासून 24.5 सेंटीमीटर. तिथून आपण गुजरीत तुमच्या ओळखीच्या सोनारांकडे गेलो, कारण तुमच्या काट्यावर ग्रॅमचा हिशेब लागत नव्हता. साज तोलायच्या काट्यावर माझं पॅडल भरलं 228 ग्रॅम. रुपयाचं एक नाणं 3.79. पॅडल फिरू नये म्हणून कडेला वजनाची पट्टी लावायची होती; ती विकत घेण्याआधी नाणी चिकटवून बघायची युक्ती तुमचीच. दोन दिवस मी कडेला चिकटपट्टीने नाणी लावून घरच्या भिंतीवर चेंडू मारत होते. एकदा वर, एकदा मध्ये, एकदा खाली. वर लावली की फटका जड बसायचा, पण नेटजवळ हात उशिरा पोहोचायचा. बरोबर मधोमध, म्हणजे घड्याळातल्या 3 आणि 9 च्या जागी लावली तेव्हा पॅडल फिरायचं थांबलं, पण मनगट लवकर दमायला लागलं.

त्या दिवशी तुम्ही ऑइल इंजिनचं फ्लायव्हील दाखवून जे समजावलंत, ते मी आता कोर्टवर प्रत्येकाला सांगते. फ्लायव्हीलचं वजन काठावर का ठेवतात? कारण मधल्या अक्षापासून दुप्पट लांब ठेवलेला ग्रॅम फिरण्याला चौपट अडवतो. पॅडलचंही तसंच. दोन्ही कडांना थोडंसं वजन असलं की चेंडू कडेवर आदळला तरी पॅडलचं तोंड सहजासहजी वळत नाही. तेच वजन मुठीपासून जितकं लांब जाईल तितकं पॅडल हलवायला जड. "तालमीत जोडी फिरवलेल्याला हे सांगावं लागत न्हाई," असं म्हणून तुम्ही हवेत हात फिरवून दाखवलात. मुठीच्या टोकाला वजन लावलं की तोल हाताकडे सरकतो, पण वरच्या टोकाचं वजन काही कमी होत नाही, हेही तुम्ही तेव्हाच बजावलंत. नाहीतर मी मुठीत भरमसाट वजन भरून बसले असते.

शेवटी जे केलंत ते इतकं साधं होतं! मुठीवर एक ओव्हरग्रिप, म्हणजे ग्रिपवर गुंडाळायची वरची पट्टी, चढवली, पाच ग्रॅमची. कडांना 4 आणि 8 च्या जागी दोन-दोन ग्रॅमची शिशाची पट्टी. मुठीच्या बुडात सहा ग्रॅम. पुन्हा सळई, पुन्हा रेघ: 23.5 सेंटीमीटर. काट्यावर 243 ग्रॅम. पॅडल पंधरा ग्रॅमनी वाढलं आणि माझ्या हातात मात्र हलकं झालं.

शिशाबाबत तुम्ही किती कडक होतात! पट्टी कापताना मला हातमोजे घालायला लावलेत, टेबल ओल्या फडक्याने पुसून घेतलंत, हात साबणाने धुतल्याशिवाय चहाचा कप दिला नाहीत. पट्टीवर कापडी टेपचा थर दिलात, "कोर्टवर पोरं असतात, कुणीतरी नखानं उकरेल." ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांनी टंगस्टनची पट्टी घ्यावी, महाग पडते पण विषाची भीती नाही, हे तुमचंच म्हणणं इथे मुद्दाम लिहिते. टेप पॅडलच्या तोंडावर किती आत येऊ द्यायची, हेही मला नियम उघडून बघायला लावलंत. लांबी 17 इंचांच्या आत आणि लांबी-रुंदी मिळून 24 इंचांच्या आत हवी, वजनाला मर्यादा नाही, आणि टेप कडेपासून अर्ध्या इंचापेक्षा आत जाता कामा नये. आपली पट्टी जेमतेम पाव इंच आत होती तरी तुम्ही व्हर्नियर, तुमचं बारीक मापं घ्यायचं साधन, लावून बघितलंतच.

कोपर एकट्या पॅडलने बरं झालं असं मी म्हणणार नाही. फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम मी रोज करत होते. पण मूठ सैल धरता आली ती तुमच्यामुळे, आणि मूठ सैल झाली नसती तर व्यायाम करून सकाळी कमावलेलं सगळं संध्याकाळी कोर्टवर जात राहिलं असतं. आता तासभर खेळते. नेटजवळ समोरून जोराचा चेंडू आला तरी पॅडल नुसतं समोर धरते आणि तो किचनमध्ये अलगद पडतो. पहिल्यांदा तसा पडला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. जोडीदाराला वाटलं, कोपर पुन्हा दुखलं.

आमच्यातल्या एकाने माझं बघून तसंच्या तसं करून घेतलं आणि त्याला ते मुळीच जमलं नाही. त्याचं पॅडल आखूड, मनगट दणकट. तुम्ही त्याला मुठीतलं सगळं काढायला लावून वरच्या टोकाला फक्त दोन ग्रॅम दिलेत. तो आजही खूश आहे. दोघांच्या हातांना तुम्ही दोन वेगळी उत्तरं दिलीत आणि पैसे दोघांकडूनही घेतले नाहीत. माझ्याकडून घेतलेत ते फक्त इम्पेलरचे.

खंडेनवमीला तुमच्याकडे आले होते. लेथ, पाने, व्हर्नियर, सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडूची फुलं वाहिली होती. तुम्ही माझ्या पिशवीतून पॅडल काढून घेतलंत, व्हर्नियरच्या शेजारी ठेवलंत आणि त्यालाही बोट लावलंत. मुठीच्या वर, पेन्सिलीच्या दुसऱ्या रेघेपाशी ते कुंकू अजून आहे. डाव्या बाजूच्या टेपचं टोक मात्र सुटायला लागलंय. येत्या आठवड्यात घेऊन येते. हातमोजे माझे मी आणेन, चहाचे पैसे या वेळी मी देणार.

तुमची,
इम्पेलरवाली ताई
राजारामपुरी, कोल्हापूर